फिष्टू मंडळ आणि खालची लाथ

ज्या गोष्टीचा जगाला उपयोग उरलेला नसतो, तिलाच घटना, कार्यकारिणी आणि रबरी शिक्का लागतो. उपयोगाच्या गोष्टी बिचाऱ्या तशाच चालतात. नळाला पाणी येत असते तोवर कोणी पाणीप्रेमी संघ काढत नाही. या न्यायाने पाहिले तर जबलपूर फिष्टू मंडळ ही शहरातली सर्वांत भक्कम बांधणीची संस्था म्हणावी लागेल.

फिष्टू हा मारामारीचा व्हिडिओ गेम आहे. कपाटाएवढे यंत्र, त्यात पडदा, पडद्याखाली दोन दांड्या आणि बारा बटणे. दोघांनी खांद्याला खांदा लावून उभे राहायचे आणि पडद्यावर एकमेकांना बडवायचे. सत्त्याण्णव साली सिव्हिल लाइन्समधल्या एका पार्लरात हे यंत्र आले तेव्हा त्याचे नाव लांबलचक आणि परदेशी होते. वरच्या पाटीवर त्यातले 'फिस्ट टू' तेवढे शिल्लक राहिले आणि जबलपूरच्या जिभेने त्याचे फिष्टू केले. पार्लर बंद पडले, पार्लरच्या जागी चष्म्याचे दुकान आले, ते दुकानही गेले. यंत्र मात्र शहरातल्याच महाराजपूर भागात नीलकंठराव सुभेदारांच्या गॅरेजमध्ये सुखरूप आहे. (गाडी बाहेर उन्हात असते. गाडी दुसरी मिळते.)

मंडळाचे सभासद तेरा. पैकी पदाधिकारी अकरा. उरलेले दोघे नाराज होऊ नयेत म्हणून नियम-समितीवर घेतले आहेत. सभासदांचे सरासरी वय एकोणपन्नास, चष्म्याचा सरासरी नंबर अडीच. दर रविवारी सकाळी साडेनऊला प्रार्थना नसलेली, पण प्रार्थनेइतकीच शांत अशी बैठक भरते. सत्तावीस वर्षांत फक्त तीन रविवार चुकले, तेही पिक्चर ट्यूब मिळत नव्हती म्हणून.

या मंडळाचे उपाध्यक्ष अनुपम खांडवेकर. राहणार मदन महल, नोकरी संरक्षण कारखान्यात, माल तपासण्याच्या खात्यात. तिथे त्यांचा शब्द अखेरचा मानला जाई. केसभर वाकडी वस्तू ते हाताच्या एका खुणेने परत पाठवत. पण दसऱ्यानंतरच्या रविवारी होणाऱ्या फिष्टूच्या वार्षिक स्पर्धेत ते चौदा वेळा अंतिम फेरीत पोचले होते आणि चौदाही वेळा नीलकंठरावांकडून हरले होते. नीलकंठराव अध्यक्षही होते आणि गॅरेजही त्यांचेच होते. या दोन गोष्टींचा त्यांच्या विजयाशी काही संबंध आहे असे आजवर कोणी सिद्ध केलेले नाही.

स्पर्धेचे मानचिन्ह म्हणजे भेडाघाटच्या संगमरवरात कोरलेली मूठ. कारागिराने आयुष्यभर देवांचेच हात घडवलेले, त्यामुळे मूठ वळवतानाही त्याने सवयीने आत लाडवाला जागा ठेवली. तरी त्या मुठीसाठी अनुपमरावांनी काय केले नाही? उजव्या अंगठ्याला तेल लावले. लग्नात सासऱ्यांनी दिलेली अंगठी बटणावर घासते म्हणून काढून ठेवली. पत्नी प्रणोती केंद्रीय शाळेत गणित शिकवत असे. तिने अंगठीबद्दल एकदाच विचारले होते. "मुठीसाठी," असे उत्तर मिळाल्यावर पुढे विचारले नाही.

मंडळाच्या घटनेतले पहिले कलम, 'ही कला पुढच्या पिढीपर्यंत पोचवणे.' त्यासाठी दरवर्षी आवाहन निघे. अर्ज चार पानी, दोन सभासदांची शिफारस आणि फिष्टू खेळण्याचा किमान दहा वर्षांचा अनुभव आवश्यक. (यंत्र शहरात एकच आणि ते फक्त सभासदांसाठी, हे पाहता अट कडक वाटेल. पण दर्जाशी तडजोड करायची नाही, असा ठराव आहे.) मागच्या वर्षी एकच तरुण आला. तो स्कूटर दुरुस्तीचे गॅरेज शोधत होता. त्याने चहा घेतला. अहवालात त्याची नोंद 'युवा वर्गाचा प्रतिसाद' या सदरात आहे.

"आजकालच्या पोरायले धीर नाही," असे नीलकंठराव दर बैठकीत म्हणत. सगळे माना डोलवत. कार्यवाह श्रीकांत बाम ते इतिवृत्तात लिहून घेत.

यंदा मात्र पुढची पिढी खरोखरच आली, आणि ती अनुपमरावांच्या घरातून आली.

अवंतिका त्यांची मुलगी, एकोणीस वर्षांची, इंजिनीअरिंगच्या दुसऱ्या वर्षाला. मराठी तिला सगळी समजे, पण बोलताना ती अर्ध्या वाटेत हिंदीची रिक्षा पकडे. एके दिवशी तिने सहज विचारले, "बाबा, तो तुमचा गेम आहे ना, त्याची कॉपी मला फोनवर मिळाली. मैं खेलूँ क्या टूर्नामेंट में?"

अनुपमराव खुर्चीतून उठले, परत बसले. आपल्या आवडीच्या गोष्टीबद्दल मुलीने आपण होऊन विचारले, असे ती सहावीत गेल्यापासून घडले नव्हते.  त्यांनी दोनदा खाकरून घेतले.

"तू? हो, खेळ ना. पण हे सोपं नाही बरं. मला सत्तावीस वर्षं झाली."

"अच्छा. किती दिवस आहेत?"

"अकरा."

"हो जाएगा," असे म्हणून ती आत गेली.

मंडळाने खास ठराव करून अनुभवाची अट शिथिल केली आणि तिला 'वारस खेळाडू' हा नवा दर्जा दिला. नीलकंठरावांनी स्वतः तिच्या डोक्यावर हात ठेवला. स्थानिक वर्तमानपत्रासाठी फोटो काढला. (तो छापून आला नाही, पण काढला.) त्या अकरा दिवसांत अनुपमराव कारखान्यात इतके खूश होते की केसभर वाकड्या दोन वस्तू त्यांनी पास केल्या.

स्पर्धेच्या सकाळी गॅरेजमध्ये सतरंजी होती, पोहे होते, खोव्याची जिलेबी होती. अवंतिकाने फिष्टूतल्या चौदा योद्ध्यांपैकी 'बर्फवाली' निवडली. आजवर तिला कोणीच हात लावला नव्हता, कारण तिला एकही नेत्रदीपक डाव नाही. तिच्याकडे आहे ती फक्त खालची लाथ. खाली बसायचे, लाथ मारायची, मागे सरकायचे, पुन्हा खाली बसायचे.

आता येथे परंपरा समजून घेतली पाहिजे. मंडळात महापंजा खेळला जाई. महापंजा म्हणजे दांडी सात दिशांना फिरवून तीन बटणे एकदम दाबायची, मग पडद्यावर आगीचा हत्ती येतो. त्याला सव्वादोन सेकंद लागतात. त्या सव्वादोन सेकंदांत समोरच्याने थांबायचे असते. असे कुठे लिहिलेले नाही, पण सुसंस्कृत घरांत सगळेच लिहावे लागत नाही. नीलकंठराव तर महापंजापूर्वी चष्माही सावरत. तेवढा वेळही दिला जाई.

अवंतिकाने पहिल्या फेरीत श्रीकांत बामांना हरवले. बाम हसले आणि म्हणाले, "वा, बेटा." उपान्त्य फेरीत ती नीलकंठरावांसमोर उभी राहिली. नीलकंठरावांनी दांडी फिरवायला घेतली, चष्मा सावरला, आणि खालची लाथ बसली. त्यांनी पुन्हा चष्मा सावरला. पुन्हा बसली. एकोणीस वेळा विजेतेपद मिळवलेला माणूस अडतीस सेकंदांत आडवा झाला. त्यांतले बावीस सेकंद चष्म्यात गेले.

बामांनी इतिवृत्ताची वही मिटली.

"काका, आप रुक क्यों गए थे?" अवंतिकाने अगदी मनापासून विचारले.

 नीलकंठरावांनी खिशातून रुमाल काढून बटणे पुसली, जणू दोष बटणांचा होता.

दुसऱ्या बाजूने अनुपमराव अंतिम फेरीत आलेच होते. म्हणजे आता बाप विरुद्ध लेक. अनुपमरावांना आधी आनंद झाला, नंतर त्यांनी मुलीच्या अंगठ्याकडे पाहिले आणि त्यांना पंधराव्या पराभवाचा वास आला. इतक्यात बामांनी जाहीर केले, "पोह्यांसाठी मध्यंतर. कार्यकारिणीची तातडीची सभा. वारस खेळाडूने कृपया बाहेर बसावे."

अवंतिका जिलेबीची प्लेट घेऊन बाहेर पायरीवर जाऊन बसली. गॅरेजचे दार अर्धे उघडे होते.

सभेपुढे ठराव आला तो असा. एका डावात दोनपेक्षा अधिक वेळा खालची लाथ मारणे मंडळाच्या परंपरेस धरून नाही, सबब असे करणारा खेळाडू बाद समजावा. हा नियम आज सकाळी साडेनऊपासून अमलात आहे असे मानावे. तेव्हा अकरा चाळीस झाले होते.

"पण पोरीनं चूक काय केली?" नियम-समितीतले एक गृहस्थ म्हणाले. "बटण आहे, तिनं दाबलं."

"बटण तर आगीच्या बंबावरही असते," बाम म्हणाले. "म्हणून काय रोज दाबायचे?"

हा युक्तिवाद त्यांनी स्वतःच इतिवृत्तात लिहून घेतला.

"मी हरलो म्हणून बोलून नाही राहिलो," नीलकंठराव म्हणाले. त्यांचा आवाज खरेच कातर झाला होता. "मले हारजितीचं काय आहे. पण उद्या सगळेच असे खेळले तर तो हत्ती कोण काढणार? हत्ती पाहायला मिळणार नाही कोणाले."

मतदान झाले. सहा बाजूने, सहा विरुद्ध. राहिले अनुपमराव. ते स्वतः अंतिम फेरीचे खेळाडू आणि तिचे वडील, तेव्हा त्यांना मत देता येईल का, असा प्रश्न निघाला. बामांनी तो चोख सोडवला. प्रतिस्पर्धी म्हणून त्यांचे हित ठरावाच्या बाजूने आहे, बाप म्हणून ठरावाच्या विरुद्ध आहे. दोन्ही हिते एकमेकांना छेदून शून्य होतात, म्हणजे सभागृहात पूर्ण तटस्थ माणूस एकटा तोच.

अनुपमरावांना माहीत होते की लाथ सरळ होती. वस्तू सरळ की वाकडी हे त्यांच्याइतके कोणाला कळत होते? त्यांनी टेबलावरच्या मुठीकडे पाहिले. चौदा वर्षांचे टाळ्या वाजवणे त्यांच्या तळहातांत भरून आले. त्यांनी स्वतःला समजावले की पोर लहान आहे, तिला अजून पुष्कळ स्पर्धा मिळतील. तिला धीर शिकवायला हवा. इतकी वर्षे मंडळ टिकले ते शिस्तीवर. एकामागून एक कारणे अशी चांगली सुचत गेली की त्यांना स्वतःचेच कौतुक वाटले.

मग त्यांनी हात वर केला.

नेमक्या त्याच क्षणी अवंतिकाने अर्ध्या दारातून आत पाहिले. बाबांचा हात दिसला. तिला वाटले, बाबा आपल्यालाच हात करताहेत. तिने जिलेबीच्या पाकाने चिकट झालेला हात वर करून त्यांना हसून हलवला.

पुढचे सगळे नियमाप्रमाणे झाले. वारस खेळाडू बाद, म्हणून तिचे सामने झालेच नाहीत असे ठरले. म्हणून नीलकंठराव हरले नाहीत. पण सामनाच झाला नाही म्हणून जिंकलेही नाहीत. अंतिम फेरीत एकटे अनुपमराव उरले आणि घटनेप्रमाणे न खेळता विजेतेपद देता येत नाही. तेव्हा त्यांनी यंत्राविरुद्ध खेळावे, पातळी 'सर्वांत सोपी' ठेवावी, असे ठरले. पहिला डाव ते हरले. (इतिवृत्तात त्याची नोंद 'सराव' अशी आहे.) दुसऱ्या डावात आगीचा हत्ती आला. सगळ्यांनी उभे राहून टाळ्या वाजवल्या. टाळ्या अवंतिकानेही वाजवल्या.

संध्याकाळी जेवणाच्या टेबलावर मूठ ठेवलेली होती. प्रणोतीने ती उचलून वजन पाहिले आणि वरणाच्या भांड्याला जागा व्हावी म्हणून खिडकीत ठेवली.

"मग तुला बाद काहून केलं?" तिने मुलीला विचारले.

"वो लात का कुछ रूल था. वोटिंग झाली आई, सात-सहा." अवंतिकाने पोळीचा तुकडा मोडला. "पण बाबा चांगले आहेत. मीटिंग चालू होती तरी आतून मला हात केला त्यांनी, मी एकटी बसले होते ना."

असे म्हणून ती थांबली. तुकडा हातातच राहिला. ती इंजिनीअरिंगला होती, आणि आई गणिताची. सात आणि सहा त्या घरात कोणालाही मोजता येत होते.

"अच्छा," ती म्हणाली.

अनुपमरावांनी वरण वाढून घेतले. ताटात आधीच वरण होते.

 प्रणोतीने मुलीच्या ताटातला थंड झालेला भात काढून गरम वाढला. नवऱ्याचा तसाच राहू दिला.

पुढच्या रविवारी अनुपमराव तयार होऊन मुलीच्या दाराशी उभे राहिले. "चलतेस? नीलकंठराव म्हणाले, दोन लाथांच्या आत खेळली तर परवानगी आहे."

"नको बाबा. सबमिशन आहे, लिहून राहिले," ती म्हणाली. रागाने म्हणाली असती तर बरे झाले असते. ती मान वर करून, हसून, अगदी आदराने म्हणाली, जसे ती शेजारच्या काकांशी बोलत असे. तिच्या टेबलावर फोन पडला होता. त्यांनी धीर करून विचारले, "गेम आहे ना अजून त्यात?"

"जागा कमी होती," ती म्हणाली, आणि पुन्हा लिहू लागली.

ते जिन्यात बराच वेळ उभे राहिले. मग महाराजपूरला गेले, कारण बैठक साडेनऊची होती.

त्या बैठकीत तरुण पिढीच्या उदासीनतेबद्दल मंडळाने तीव्र चिंता व्यक्त केली आणि कारणांचा शोध घेण्यासाठी उपसमिती नेमली. अध्यक्षपदी अनुपम खांडवेकर. पोटच्या मुलीनेच पाठ फिरवल्यामुळे त्यांना या विषयाचा जवळून अनुभव आहे, असे बामांनी सुचवताना सांगितले. अनुपमरावांनी ते नम्रपणे स्वीकारले. उपसमितीच्या आजवर नऊ सभा झाल्या. मोबाइल, पालकांचे दुर्लक्ष आणि पाश्चात्त्य प्रभाव ही तीन कारणे निश्चित झाली असून चौथ्या कारणाबाबत अध्यक्षांनी मुदतवाढ मागितली आहे.

अलीकडेच मंडळाच्या स्नेहसंमेलनात करमणुकीचा कार्यक्रम म्हणून ही हकीकत, नावे बदलून, वाचून दाखवण्यात आली. सभासद पोट धरून हसले. लाथेच्या ठरावाशी तर टाळ्या पडल्या. अशी माणसे असतात खरी, असे प्रत्येकाचे मत पडले आणि प्रत्येकाला ती शेजारच्या खुर्चीत बसलेली दिसली. (आपल्याला ती कोणत्या खुर्चीत दिसली, हे विचारण्याचा मंडळाला अर्थातच अधिकार नाही.)