चालतं ते बंद करणारा माणूस

माझ्यावर सर्वांत जास्त उपकार कुणाचे असतील, तर ते काशिनाथ वाव्हळे सरांचे. आमच्या घरात कॉलेजला गेलेला मी पहिलाच. पण पदवी घेऊन गावी, बोरीला नुसता बसून होतो, तेव्हा पाथरीकडच्या एका दूध संघात मला कामाला लावलं ते सरांनी. हे आधीच सांगून टाकतो, कारण पुढचं वाचून तुम्हाला वाटेल की मी त्यांची चेष्टा करतोय.

वाव्हळे सर चालू असलेल्या वस्तू बंद करायचे.

ते संघाचे व्यवस्थापक. सकाळी दुधाची आवक जोरात असायची, काट्यावर कॅन चढत असायचे, संगणकात लिटर आणि फॅटचे आकडे पडत असायचे. तेवढ्यात सर शांतपणे यायचे, एखादी वायर काढायचे आणि हाताची घडी घालून भिंतीला टेकून उभे राहायचे.

"आता काय झालं?" काट्यावरचा माणूस विचारायचा.

"बंद पडलं," सर म्हणायचे. "काय करता?"

"सर, तुमीच काढली की वायर."

"मी काढली म्हणून बरं. मी समोर हाय, परत लावता येती. उद्या उंदरानं कुरतडली तर त्याला इचारणार का?"

हे वेड त्यांनी संभाजीनगरच्या एका प्रशिक्षणातून आणलं. संस्थेचा संगणकाचा कारभार पायरी-पायरीनं कसा सुधारतो, असा काहीतरी विषय होता. बाकीचे व्यवस्थापक फाईल आणि पेन घेऊन परतले. सर पायऱ्या घेऊन आले आणि त्यांना आपली नावं दिली. पहिली देवभरोसे: चाललं तर चाललं. दुसरी माणूसभरोसे: एकालाच येतं, त्याला ताप आला की संघाला ताप. तिसरी कागदभरोसे: लिहून भिंतीवर लावलंय, वाचत कुणी नाही. चौथी सवयभरोसे: कुणाला न विचारता हात आपोआप बरोबर जागी जातो.

मग ते दिसेल त्याला पायरी देत सुटले. स्टँडसमोरचा चहावाला सासुरवाडीला गेला की हॉटेल बंद असायचं. "माणूसभरोसे," सर बंद शटरकडे बघून म्हणायचे. एका लग्नात ऐन जेवणाच्या वेळी जनरेटर बसला, तेव्हा अंधारात सगळे चूप असताना मागून त्यांचा आवाज आला, "देवभरोसे." नवरीच्या बापानं ते ऐकलं. पुढं त्या घरचं आमंत्रण त्यांना आलं नाही.

माझी मुलाखतही अशीच झाली. मी नवा शर्ट घालून गेलो होतो. काय येतं म्हणून विचारलं, तर मी छाती काढून म्हणालो, "सगळं येतं, सर."

"मंग तू लय धोक्याचा माणूस हायेस," ते म्हणाले. "काय येत न्हाई ते सांग, बोरीकर."

माणसाला गावाच्या नावानं हाक मारायची त्यांची पद्धत होती. मी घाबरून खरं सांगायला लागलो. सर्व्हर कधी उघडून बघितला नाही, नेटवर्कचं पुस्तकात वाचलंय, इंग्रजीत बोलताना घाम येतो. यादी बरीच लांबली. सर खुशीत ऐकत होते. "झकास. उद्यापासून ये. येत न्हाई म्हणणाऱ्याला शिकवता येतं."

त्यांनी मला नुसता संगणक नाही शिकवला. शिकलेल्या माणसानं "मला माहीत नाही" म्हणायला लाजू नये, हे शिकवलं.

संघात मुनीरभाई म्हणून जुने ऑपरेटर होते. सकाळी सर्व्हर सुरू करायचं काम त्यांचं. दुसऱ्या कुणी बटण दाबलं की तो सुरू होऊन लगेच बसायचा. मुनीरभाई आले, आत एकटे एक चक्कर मारून आले, की सुरू. हातगुण म्हणायचे लोक.

सरांनी एक दिवस त्यांना बोलावलं. "मुनीरभाई, उद्यापासून सुट्टी घ्या."

"साहेब, माझं काय चुकलं?"

"चुकलं काही न्हाई. तुमी सुट्टीच घेत न्हाई, हेच चुकायलंय."

आणि कुणी त्यांना गाठू नये म्हणून स्वतः पालमच्या गाडीत बसवून दिलं, बहिणीकडे. दुसऱ्या दिवशी सर्व्हर बसलेला, कॅनची रांग फाटकाबाहेर, दूध उन्हात, आणि सर भिंतीला टेकून. चेअरमन नानासाहेब केबिनमधून बाहेर आले.

"वाव्हळे, त्या मुनीरला बोलवा."

"तो नसल्यावर काय, तेच बघायलोय, नाना."

"दूध नासंल."

"म्हणूनच सगळे डोकं लावायलेत. बघा की."

आम्ही दूध मोजून वहीत लिहून घेतलं आणि एकेक वायर हातात धरून तिच्या मागे चालत गेलो. सर्व्हरची वायर भिंतीतून थेट नानासाहेबांच्या केबिनमध्ये निघाली, त्यांच्या कूलरच्या बोर्डात. दोन्हींचा भार ती लाईन घेत नव्हती. मुनीरभाई रोज सकाळी गुपचूप केबिनमध्ये जाऊन कूलरची वायर सैल करून तो बंद करायचे. चेअरमनला सांगणार कोण? आणि नानासाहेब बिचारे दर उन्हाळ्यात कूलर बिघडला समजून दुरुस्तीला पाठवायचे.

नानासाहेबांनी स्वतः जाऊन कूलर बंद केला. मग त्यांनी सर्व्हरला वेगळी लाईन मंजूर केली. नवं सॉफ्टवेअर घ्यायचा ठराव मात्र सरांनी मागं ठेवायला लावला. "जुनं कोण सांभाळतं ते आधी ठरवा, नाना. नवं काय, दुकानात मिळतं."

अशी वर्षं गेली. प्रत्येक काम दोघांना तरी यायला लागलं. मुनीरभाई ईदला बिनधास्त घरी राहायला लागले. निवृत्ती जवळ आली, तेव्हा सरांनी सगळ्यांना जमवलं.

"आता शेवटची वायर काढायची. माझी," ते म्हणाले. "महिनाभर रजेवर हाय. घरीच बसणार. मला एक जरी फोन आला, तर इतक्या वर्षांचं माझं काम वाया गेलं समजा. आला न्हाई, तर तुमी पास."

पहिला आठवडा बरा गेला. दुसऱ्यात वीज पडली आणि सर्व्हर जळाला. टँकर दारात उभा होता. सगळ्यांचे हात खिशातल्या फोनकडे गेले. काट्यावरचा माणूस म्हणाला, "लाव, बोरीकर, सरांना. कुणाला कळतंय."

"त्यांना कळंल ना," मुनीरभाई म्हणाले.

आम्ही वह्या काढल्या. राखीव संगणक जोडला, आदल्या दिवसापर्यंतच्या नोंदींची नक्कल त्यावर चढवली. टँकर थोडा उशिरा, पण गेला. महिना संपला. एकही फोन गेला नाही.

मी पेढे घेऊन सरांच्या घरी निघालो. सरांची पत्नी जाऊन काही वर्षं झालेली, मुलगी पुण्याला. शेजारच्या काकूंनी मला फाटकातच थांबवलं.

"तुमच्या हापिसात काय झालंय का? सर रोज सकाळी कपडे-बूट घालून ओट्यावर बसायलेत. कुठं जात न्हाईत. मधीच मला म्हणतेत, ताई, माझ्या नंबरावर लावून बघा बरं, घंटी वाजती का."

आत सर खरंच बूट घालून बसले होते. फोन समोर स्टुलावर.

"एक बी न्हाई ना?" त्यांनी विचारलं.

"एकही नाही, सर. सर्व्हर जळाला तरी नाही."

"झकास." त्यांनी पेढा घेतला, सगळं खोदून विचारलं, कुणी काय केलं ते ऐकून मान डोलावत राहिले. मग वाकून बुटाच्या नाड्या सोडायला लागले. वर न बघता म्हणाले, "कामाशिवाय कुणी लावत न्हाई, न्हाई का रे, फोन?"

मी पेढ्यांचा डबा फोनशेजारी ठेवून निघालो. खोलीवर आल्यावर पत्र लिहिलं. फोन केला असता, तर त्यांनी आधी विचारलं असतं, काय बंद पडलं.

आदरणीय सर,

सविनय जयभीम. संघात काही बंद पडलेलं नाही. हे पत्र कामाचं नाही.

आमच्या रानात ज्वारी हुरड्याला आली आहे. येत्या रविवारी तुम्ही बोरीला या. परभणीहून जिंतूरची गाडी धरा, मी फाट्यावर उभा असेन. मुनीरभाईही येणार आहेत. आगटी बाबा पेटवतील, जवसाची चटणी आई करणार आहे. तुम्हाला काहीच करायचं नाही, नुसतं आमच्यात बसायचं आहे.

आई विचारते, सरांचे दात कसे आहेत? त्यावरून कणसं अगदी कोवळी काढायची की जरा भरलेली, ते तिला ठरवायचं आहे. तेवढं कळवा.

आपला,
बोरीकर