चिंगीच्या लपण्याबाबत

चिंगी नावाच्या मांजरीच्या पिल्लानं माठामागे लपावं की लपू नये, हा प्रश्न चंदीगडच्या एका सरकारी कचेरीत सबंध हिवाळाभर विचाराधीन होता. दिवस अतिरेक्यांच्या दहशतीचे. बाजारात 'बेवारस वस्तूला हात लावू नका' असे फलक, चौकाचौकांत वाळूची पोती रचून बसलेले जवान, आणि स्कूटरवर मागे कुणी बसायचं नाही असा हुकूम. अशा काळात सरकारनं मांजरीकडेही लक्ष द्यावं, यात गैर काहीच नव्हतं.

चिंगी ही नीला खांबेटेची निर्मिती. नवरा जयंत हवाई दलात, त्याच्या बदलीमागे हीही फिरायची, आणि जाईल तिथं मुलांसाठी चित्रांची पुस्तकं करायची. गोष्टही तिची, रंगही तिचेच. एका संध्याकाळी तिची सहा वर्षांची रागिणी लपंडाव खेळता खेळता बाजारातल्या वाळूच्या पोत्यांमागे जाऊन बसली. "कौन है? बाहर निकलो!" जवान ओरडला. पोर रडत बाहेर आली ती आलीच. तेव्हापासून ती ना लपे, ना कुणाला शोधे. संध्याकाळभर खिडकीशी गप्प बसून राही. बाहेर खेळता येत नाही ना, मग लपंडाव घरात आणू, असं म्हणून नीलानं पुस्तक रंगवलं. दर पानावर चिंगी कुठेतरी लपलेली, मुलांनी ती हुडकायची. छापलेली पहिली प्रत रागिणीच्या हातात ठेवायची आणि पोरीला पुन्हा खेळताना बघायचं, एवढ्यासाठी सगळा खटाटोप.

कचेरीनं पुस्तक शाळांसाठी पसंत केलं. उपसंचालक कृष्णकांत बन्सल नुसते खूश. "बस, नीलाजी, सुरक्षेची एक छोटीशी छाननी. नावापुरती हो!" असं म्हणून त्यांनी चित्रं सुरक्षा सल्लागार रघुवीरसिंगांपुढे ठेवली. रघुवीरसिंग पोलिसांतून निवृत्त झालेले, स्वभावानं सज्जन. त्यांनी पहिलं पान उभं धरलं, आडवं धरलं, चष्मा पुसून पुन्हा धरलं.

"मॅडमजी, मांजर कुठंय?"

"लपलीय."

"का?"

"खेळ आहे, सर."

"विनाकारण कोणी लपत नाही," रघुवीरसिंग म्हणाले. "आमचा अनुभव आहे."

नीलानं माठामागून डोकावणारी शेपटी दाखवली. सल्लागारांचा चेहरा पडला. सगळी हयात माणसं हुडकण्यात गेली आणि आज एक पिल्लू सापडू नये! बन्सल हसले. तिथंच घात झाला. माणसाचं एकदा हसं झालं की तो नियमावर बोट ठेवतो, आणि ते बोट लवकर उचलत नाही.

पहिली दुरुस्ती साधी होती. प्रत्येक चित्राखाली 'चिंगी माठामागे आहे' अशासारखी, जिथं लपली असेल तिथली आगाऊ सूचना द्यावी. नीला घरी येऊन आदळआपट करू लागली. जयंत म्हणाला, "अगं, एक ओळच ना? दे टाकून. पुस्तक तर निघेल." तिनं ओळ टाकली.

मग माठाजवळच्या म्हातारीचा मुद्दा निघाला. ती गालातल्या गालात हसत होती.

"हिला माहीत आहे," रघुवीरसिंग म्हणाले.

"आजी आहे हो ती!"

"वयाचा प्रश्न नाही, मॅडमजी. ठाऊक असून गप्प बसणं म्हणजे आसरा देणं."

बन्सलनी मान डोलावली. त्यांना आता सगळीकडेच पाणी मुरताना दिसू लागलं होतं. तेव्हा म्हातारी हसायची थांबली आणि माठाकडे बोट दाखवू लागली. पुढच्या पानावरच्या परटिणीला तोच न्याय, तिच्या पुढच्या पानावरच्या भाजीवाल्यालाही. शेळीला बोटं नाहीत ही अडचण निघाली. तिला शिंगानं दाखवायची सवलत मिळाली. आणि खरं सांगायचं तर बोटं सुरेख जमली होती. नखं, पेरं, म्हातारीच्या बोटातलं झिजलेलं वळं! नीला स्वतःवरच बेहद्द खूश झाली. कलावंताची जातच तशी, खड्डा खणायला सांगा, काठावर वेलबुट्टी काढील.

वसंत आला तेव्हा चिंगी माठामागून उठून अंगणाच्या मधोमध उभी होती. पुढचे दोन्ही पंजे वर, गळ्यात ओळखपत्र. शेवटच्या पानावर कचेरीनं स्वतःची एक ओळ घातली : 'कोणी लपलेले आढळल्यास जवळच्या मोठ्या माणसाला सांगा.' रघुवीरसिंगांनी पान दुरूनच पाहिलं आणि मांजर झटक्यात ओळखली. त्यांच्या डोळ्यांत पाणी आलं. मंजुरी त्याच दिवशी मिळाली.

प्रकाशन एका शाळेत झालं. "लपंडावावरचं हे पहिलं पुस्तक," बन्सल भाषणात म्हणाले, "ज्यात कोणीही लपत नाही!" पालकांनी टाळ्या वाजवल्या. त्यांना पुस्तक फार आवडलं, मुलं आवाज न करता वाचतात म्हणून. वर्गावर्गात शेवटची ओळ रोज एका सुरात म्हणून घेतली जाऊ लागली. रागिणीनं आपली प्रत चाळली, प्रत्येक पानावर "ये रही" म्हणाली आणि पुन्हा खिडकीशी जाऊन बसली.

जिच्यासाठी केलं तिलाच खेळ मिळाला नाही! मूळ चित्रं कचेरीत जमा होती. रविवारी सकाळी नीलानं नवा कागद ताणला आणि फक्त पोरीसाठी एक चित्र काढलं. भरलेली खोली, पडदे, भांडी, फुलदाण्या, गाद्यांची चळत, कोणी बोट दाखवत नाही, कोणी हात वर केलेला नाही. आणि चिंगी लपवली, अशी लपवली की तिची तिला सापडू नये.

रागिणी चित्रावर ओणवी झाली. कपाळाला आठ्या, ओठात जीभ. चहा निवला, जयंतनं दोनदा हाक मारली, पोरगी हलेना. मग एकदम तिचे डोळे लकाकले.

"मिल गई! मम्मा, मिल गई!"

कितीतरी महिन्यांनी ती उड्या मारत होती. नीलानं तिला उचलून घट्ट धरलं. "सापडली ना, माझी शहाणी बाई ती! आता पुढे काय करायचं, सांग बघू?" लेक म्हणेल, आता मी लपते, तू शोध. नीला पदर खोचून तयारच होती.

रागिणीनं शाळेतल्यासारखे हात बांधले. "अब बता, मम्मा," ती म्हणाली, "किसको बताना है?"

नीलानं चित्र उलटं करून ठेवलं.

त्या चित्रात चिंगी नेमकी कुठं आहे, हे इथं मुद्दामच लिहिलेलं नाही. वाचकहो, राग मानू नका. तुम्ही कुणाला सांगणार नाही, याची तरी काय खात्री?