शेखरचा नंबर का चुकत होता

आठवडाभरात सहावा चष्मा परत आला, तेव्हा मोहिनीताईंनी दुकानाचं शटर अर्धं खाली ओढलं आणि शेखरला समोर बसवलं.

शेखर बोरस्ते नऊ वर्षांपासून नाशिकच्या सिडकोत, ताईंच्या चष्म्यांच्या दुकानात डोळे तपासत होता. हात हलका, बोलणं गोड, आणि नंबर कधी पाव पॉइंटनेसुद्धा चुकायचा नाही. गिऱ्हाईकं त्याचं नाव विचारत यायची. आणि आता हे.

"शाळेच्या बाईंना फळा वाकडा दिसतोय. रिक्षावाल्याला एका सिग्नलचे दोन दिसतात," ताई म्हणाल्या. "पंधरा दिवसांनी ओझरच्या कारखान्यात आपलं शिबिर आहे. साठ माणसं! तिथं असा घोळ झाला तर दुकानाला कुलूप लावावं लागेल, शेखर."

"ताई, मशीनच बिघडलंय."

पुण्याहून मेकॅनिक आला. त्याने मशीन उघडलं, पुसलं, परत जोडलं आणि ठणठणीत असल्याचं सांगून गेला. मग ताई स्वतःच पेशंटच्या स्टुलावर बसल्या. शेखर त्यांच्या नाकासमोर वाकला, भिंग बदललं आणि मायेने विचारलं, "आता बरं दिसतं, की मघाशी?"

"आत्ता."

"घाई नको. आता हे बघा."

"हेपण छान. सगळंच छान!" ताईंनी चौकट उतरवली, ओढणी नाकाला लावली आणि थेट फुटपाथ गाठला. तिथे दोन मिनिटं त्या खोल श्वास घेत उभ्या राहिल्या. त्यांना सगळा उलगडा झाला होता. पण सांगायचं कसं? गोष्ट तोंडाची होती आणि नेमकी तोंडावर सांगता येत नव्हती. घरून त्याला कळण्याचीही सोय नव्हती. त्याची बायको सायली हिची वास घ्यायची शक्ती कोरोनात गेली होती, ती अजून परतली नव्हती.

"साथ सुरू आहे रे," आत येऊन ताई म्हणाल्या. "उद्यापासून मास्क लाव."

दुसऱ्या दिवशी शेखरने मास्क लावला आणि दहा मिनिटांत काढला.

"ताई, बोगस माल आहे. आतून कुजका वास मारतो."

त्याने दुसरं खोकं आणलं. तेही तसंच निघालं. तिसरं आणलं आणि मेडिकलवाल्याशी वाद घातला. मेडिकलवाल्याने नवाकोरा मास्क स्वतः हुंगला, मग शेखरकडे पाहिलं, मग मुकाट्याने खोकं बदलून दिलं. त्यालाही बोलवेना.

शेवटी निफाडचे धोंडीराम आले. द्राक्षाच्या बागेतून तसेच, पायाला माती घेऊन आलेले. त्यांनी चष्मा काउंटरवर आपटला.

"ह्यो चष्मा लावून मी काल बांधावरल्या मेव्हण्याला रामराम घातला. जवळ जाऊन बघतो तर बुजगावणं!"

"बाबा, तपासताना तुम्हीच म्हणाला होता ना, बरं दिसतं म्हणून?"

"मंग काय म्हननार? तू नाकाम्होरं येऊन इचारतो, हे बरं का ते बरं? मी दम कोंडून बसल्यालो. म्हनलं, दोन्ही बरं, पन सोड मला! आरं पोरा, तुझ्या तोंडाचा लय वास येतो. कुनी सांगितलं नाय का तुला?"

ताई एक स्वच्छ फ्रेम पुन्हा पुन्हा पुसू लागल्या. शेखरचे कान लाल झाले. त्याला एकेक करून तिन्ही खोकी आठवली, मेडिकलवाल्याचा चेहरा आठवला, आणि तो बसायला काहीतरी शोधू लागला.

दुसऱ्या दिवसापासून त्याने युद्धच पुकारलं. आधी लवंगा. दिवसभर चघळून जीभ बधिर झाली आणि "वर बघा"चं "वल बघा" होऊ लागलं. मग गुळण्यांचं निळं औषध, दिवसातून आठ वेळा. तोंड सोलवटून निघालं. मग त्याने विचार केला, खाल्ल्याने वास येतो, तर खायचंच नाही. डबा बंद केला, पाणीही बंद केलं. शुक्रवारपर्यंत वास असा वाढला की ताईंनी काउंटरवरचा मनीप्लांट उचलून दाराबाहेर ठेवला.

"बस झालं," त्या म्हणाल्या. "चल माझ्या भाचीकडे."

भाची, म्हणजे दातांची डॉक्टर वेदिका, तिने त्याला खुर्चीत आडवं केलं.

"पाणी किती पिता?"

"एखादा ग्लास. गिऱ्हाईकं असतात ना. आता तर पाणी बंद, डबा बंद, नुसत्या लवंगा."

"जीभ घासता?"

"जीभ कशाला? ती कुठे चावते?"

"दातांच्या डॉक्टरकडे शेवटचे कधी गेला होतात?"

"हे काय, आत्ताच आलोय."

वेदिकाने दिवा जवळ ओढला. दातांच्या मुळाशी वर्षानुवर्षांचा थर जमला होता. मागच्या दाढेला नवा खड्डा पडून त्यात अन्न अडकत होतं. "अहो, लाळ तोंड धूत असते. उपाशी राहून, पाणी तोडून तुम्ही तिलाच सुट्टी दिलीत. आणि लवंग म्हणजे कचऱ्यावर अत्तर." तिने दात साफ केले, खड्डा भरला, जीभ घासायची पट्टी आणि दातांच्या फटीतून फिरवायचा दोरा दिला. "रोज करा. पाणी प्या. तरी वास राहिला तर नाका-पोटाच्या डॉक्टरांना दाखवू. पण मला वाटतं चोर इथेच सापडलाय."

चोर तिथेच होता. ओझरच्या शिबिरात पहिला कामगार स्टुलावर बसला, शेखर वाकला, आणि तो माणूस निवांत म्हणाला, "थांबा साहेब, मघाचं परत दाखवा." शेखरला गहिवरून आलं. माणसं विचार करून उत्तरं देत होती! एकाने तर तपासून झाल्यावर पोरीच्या लग्नाची गोष्ट सांगितली. चार वाजेपर्यंत जवळजवळ सगळी रांग संपली, एकही नंबर अडला नाही.

सगळ्यांत शेवटी मॅनेजर देवरेसाहेब आले. करारी माणूस. त्यांची मीटिंग पाच मिनिटांत संपते, कुणाची उलट बोलायची हिंमत होत नाही, अशी त्यांची ख्याती. शेखर भिंग घेऊन वाकला आणि जागच्या जागी थिजला.

"आता बरं दिसतं?" त्याने श्वास रोखून विचारलं.

"नाही."

शेखरला वाटलं, असेल तो नंबर लिहून मोकळं व्हावं. पण मग त्याने भिंग खाली ठेवलं. मागून ताई डोळ्यांनी नको-नको करत होत्या. पुढच्या वर्षीचं शिबिर याच माणसाच्या हातात होतं. शेखरने उठून दार लोटलं आणि हळूच विचारलं, "साहेब, दिवसाला पाणी किती पिता?"

मग त्याने सगळं सांगितलं, आधी स्वतःचं आणि मग त्यांचं. देवरेसाहेबांनी डोळ्यांवरची चौकट उतरवून हातात धरली.

"म्हणजे आमची मीटिंग पाच मिनिटांत संपते, ती..."

"शक्यता आहे, साहेब."

"आणि मी समजत होतो, माझा दरारा आहे." त्यांनी खिशातून पेन काढलं. "डॉक्टरबाईंचा नंबर सांगा."

महिन्याभराने त्यांचा दुकानात फोन आला. ताईंनी घाबरत तो शेखरला दिला.

"पुढच्या वर्षीचंच काय, त्यापुढच्या वर्षीचंही शिबिर तुमचं," देवरेसाहेब म्हणाले. "पण काय करून ठेवलंत हो! काल मीटिंग अडीच तास चालली. जो तो माझ्या शेजारी खुर्ची ओढून सूचना करतोय. शेवटी मीच पळून आलो."