गोल शिक्क्याचे त्रेसष्ट शहाणे

"चाळीसच ना, मॅडम? आठ दिवस द्या मला! आमच्याकडे हळदीच्या पंगतीत नुसत्या पहिल्या ओळीत चाळीस म्हातारे बसतात!"

असं धम्मदिना सोमवारच्या मीटिंगमध्ये केंद्राच्या प्रमुख मेघाली मॅडमना बोलून बसली. मीटिंगमधल्या चारही माणसांनी टाळ्या वाजवल्या. टाळ्या वाजवणाऱ्यांचं काय जातं?

काम ऐकायला साधंच होतं. म्हातारपणी माणूस आधी चष्मा कुठे ठेवला ते विसरतो, मग जेवलो की नाही ते विसरतो, आणि शेवटी घरच्यांनाच विसरतो. हा स्मृतिभ्रंश आधीच अडवता येतो का, हे बघायचं होतं. साठी ओलांडलेल्यांनी दोन वर्षं चालायचं, व्यायाम करायचा, तेल-मीठ कमी खायचं, बीपी-शुगर ताब्यात ठेवायची, डोक्याला चालना देणारे खेळ खेळायचे. पण नियम मोठा खवट! तीस मार्कांच्या चाचणीत वीस ते पंचवीस मिळवणारेच घ्यायचे. त्याखालचे डॉक्टरकडे, त्यावरचे नमस्कार करून घरी. महिनाअखेर चाळीस नावं झाली नाहीत, तर भिवंडीचं केंद्र बंद आणि धम्मदिनाची नोकरीही बंद.

आणि ही नोकरी तिला हवीच होती हो! पडघ्याच्या या पोरीनं गोडाऊनमध्ये दिवसभर उभ्यानं पार्सलं स्कॅन करत एम.एस.डब्ल्यू. पूर्ण केलं होतं. गळ्यात ओळखपत्र घालून ती पहिल्यांदा निघाली, तेव्हा तिच्या आईनं, मंदाबाईंनी, अख्खी आळी दाराशी गोळा केली होती. आता परत पार्सलांच्या रांगेत उभं राहायचं? छे!

पहिल्या दिवशी नारपोलीत एका म्हाताऱ्या लूम कारागिरानं तिचा फॉर्म उलटा-सुलटा करून बघितला. "बेटी, चालीस साल लूम के आगे-पीछे चला हूँ. अब तू मुझे चलना सिखाएगी?" दुसऱ्या दिवशी निजामपुऱ्यात एका काकूंनी 'विसरण्याचा आजार' एवढंच ऐकलं आणि दार लोटलं. "आमच्याकडे नाही कोणी तसलं! नातीचं लग्न ठरतंय!" पाच दिवस झाले, नाव एक नाही. सहाव्या दिवशी रडकुंडीला येऊन ती पडघ्याच्या अलीकडच्या एका गावात महादूशेठच्या ओट्यावर जाऊन टेकली.

महादूशेठची अर्धी जमीन गोडाऊनखाली गेलेली. उरलेल्या दोन एकरांचा सौदा ठरलेला, पण घेणाऱ्याचा वकील महा चिकट! "सातबाऱ्यावर नवरा-बायको दोघांची नावं आहेत, दोघंही सत्तरीचे. यांना सगळं समजतं असा डॉक्टरी कागद आणा," असं म्हणून त्यानं सगळं अडवून धरलं होतं. शेठचा मुलगा भावेश त्याच काळजीत झोपाळ्यावर बसलेला.

"स्मरणशक्तीची तपासणी? फुकट?" भावेश ताडकन उठला. "मॅडम, आधी आमच्या बाबांची घ्या!"

धम्मदिनानं पाच शब्द सांगितले. कंदील, वांगं, चप्पल, खिडकी, घोडा. थोड्या वेळानं परत विचारले. शेठना तीन आठवले. अकरा वाजून दहा मिनिटांचं घड्याळ काढायला सांगितलं, ते जरा भाकरीसारखं झालं, पण काटे बरोबर. एकूण बावीस! तिला शेठना मिठी मारावीशी वाटली. तिनं पावती फाडली, नाव, तारीख आणि मार्क लिहिले, आणि वर केंद्राचा गोल शिक्का ठोकला.

इथंच तिचं नशीब फिरलं. तिच्या दृष्टीनं ती पावती होती. पण ज्या गावात जमिनीच्या कागदाशिवाय दुसरा कागद कुणी बघत नाही, तिथं गोल शिक्का म्हणजे काय, हे तिला कळायला हवं होतं! भावेशनं पावती संध्याकाळच्या आत लॅमिनेशन करून आणली, वकिलाला दाखवली, आणि वकील म्हणाला, चालेल. झालं! पडघ्यापर्यंत बातमी गेली की एक बाई शहाणपणाचा सरकारी दाखला देते.

दोन दिवसांनी गावच्या समाजमंदिरात त्रेसष्ट म्हातारे! कुणी मुलाच्या गाडीतून उतरलं, कुणी जावयाच्या बुलेटवरून. काहींनी इस्त्रीचे कपडे घातले होते. धम्मदिनानं लगेच मेघाली मॅडमना फोटो पाठवला. "मॅडम, चाळीस नव्हे, त्रेसष्ट!!!"

पहिल्या आजी बसल्या. जानकीबाई.

"आजी, मी पाच शब्द सांगते, ते लक्षात..."

"कंदील, वांगा, चप्पल, खिडकी, घोरा!"

"अहो, मी अजून सांगितलेच नाहीत!"

"कनाला सांगतंस? मना येतान!"

दुसरे सावळारामबुवा. जन्मात पेन धरलं नव्हतं, फॉर्मवर अंगठा उठवला, आणि न विचारताच अकरा दहाचं घड्याळ असं काढलं की भिंतीवर टांगावं. तिसऱ्यांना धम्मदिनानं मुद्दाम दुसऱ्या संचातले शब्द दिले, तर पुढच्या दहा मिनिटांत तेही खिडकीबाहेर गेले आणि मुलांच्या व्हॉट्सॲप ग्रुपवरून पाठ होऊन परत आले.

शिकवणी कुणाची, तेही कळलं. शेठची तपासणी चालू असताना दाराआड बसलेल्या त्यांच्या बायकोची, कमळआजींची. दोन दिवस त्या अख्ख्या आळीकडून घोकून घेत होत्या. स्वतः कमळआजी आल्या तेव्हा तर त्यांनी सगळं एका दमात म्हणून टाकलं. तीसपैकी तीस.

आता खरं सांगायचं तर धम्मदिनानं तिथंच थांबायला हवं होतं. तिला सगळं कळत होतं. पण डोळ्यांसमोर चाळीस आकडा आणि मागे गोडाऊन! तिनं मान खाली घातली आणि शिक्का मारत सुटली. ठप्प, ठप्प, ठप्प! दुपारपर्यंत मनगट सुजलं.

चार वाजता तिनं मार्कांची यादी पाठवली आणि लगेच मेघाली मॅडमचा फोन आला.

"धम्मदिना, त्रेसष्ट जणांना तीसपैकी तीस?"

"हो मॅडम! फार हुशार गाव आहे!"

"मग यांना आपला कार्यक्रम कशाला हवाय? पंचविसाच्या वरचे आपण घेत नाही ना गं!"

धम्मदिनानं शिक्का खाली ठेवला. स्मरणशक्ती तपासणाऱ्या बाईच्या डोक्यातून नियमच साफ निघून गेला होता! आणि एकदा झालेली चाचणी परत घ्यायची ती सहा महिन्यांनीच. म्हणजे सगळं गाव वाया!

शेवटी हाती उरले एकटे महादूशेठ. सकाळी ती त्यांची संमतीची सही घ्यायला धावली. शेठ ओट्यावर पाय पसरून चहा पीत होते.

"कसली सही? शिक्का मिळाला की मना! शहान्या मानसानं कसरत कनाला करायची?"

"शेठ, तुम्हाला बावीस मिळालेत! तुम्हीच एकटे पात्र आहात!"

"बावीस?" शेठ एकदम तापले. "सावलारामाला तीस न मना बावीस? तुजी तपासनीच खोटी! जा!"

म्हणजे शून्य. आठ दिवसांची मेहनत, त्रेसष्ट शिक्के आणि नाव शून्य! धम्मदिनाला रडू कोसळलं, अगदी ओठ वाकडे करून. मॅडमचा मेसेजही आला होता. "उद्या महिना संपतोय, केंद्र बंद होतंय. पण तुझे कागद नीट असले तर नाशिकच्या केंद्रासाठी तुझं नाव सुचवते." तेवढाच काय तो आधार.

कमळआजींनी तिला हाताला धरून मागच्या पडवीत नेलं.

"बाय, कार्यक्रमात माजा नाव लिव."

"आजी, तुम्हाला तीसपैकी तीस आहेत."

"ती पाच नावा मी दोन दिस घोकलीन, बाय. दुसऱ्यांना शिकवली ती पन माजाच पाठ व्हावा म्हनून. पोऱ्याचा काम अरायला नको." आजींचा आवाज बारीक झाला. "परवा शेजारनीकरशी येताना मी माजाच घर सोरून फुरं गेले. तीनदा जाला असा. मना भ्या वाटतंय."

"भावेशदादांना सांगितलंत?"

"सांगितला. तो बोलतो, आये, तुला पैकीच्या पैकी हान, शिक्का हाय, नाटका करू नको. सून पन हसली."

आजी खरं बोलत होत्या आणि आजींना खोटं पाडणारा कागद तिनंच दिला होता. धम्मदिनाला स्वतःचीच लाज वाटली. नाशिकचं केंद्र, आईनं दाराशी जमवलेली आळी, सगळं डोळ्यांपुढून गेलं. मग तिनं आजींची लॅमिनेशन केलेली पावती मागून घेतली, कात्रीनं कराकरा कापली आणि नव्या कागदावर लिहायला बसली. मॅडमना फोन करून तेच सांगितलं. "असं लिहून दिलंस तर तुझं नाव मला कुठंच सुचवता येणार नाही," एवढंच मॅडम म्हणाल्या.

भावेश आतून धावत आला. "ताई, परवा रजिस्ट्रेशन हाय! काय लिवलंय हे?" आणि त्यानं मोठ्यानं वाचलं, "चाचणी रद्द. चूक चाचणी घेणारीची. आजींना डॉक्टरांनी ताबडतोब तपासावं." कागदावरून नजर काढून त्यानं तिच्याकडे बघितलं. "म्हंजे डोकं कुनाचं ठिकान्यावर न्हाय? आयेचं का तुमचं?"

"आजींचं डॉक्टर सांगतील," धम्मदिना नाक पुसत म्हणाली. "माझं मी स्वतःच लिहून दिलंय. सही आहे. आणि हा बघा, शिक्का."

भावेशनं शिक्का उजेडात धरून बघितला. गोल होता. त्यापुढे त्याचं काय चालणार? त्यानं दोन शिव्या गिळल्या, गाडी काढली आणि आईला पुढच्या सीटवर बसवलं. आजींनी खिडकीतून धम्मदिनाचा हात घट्ट धरून ठेवला होता, सोडायलाच तयार नव्हत्या.

"बसा तुमी पन," भावेश वैतागून म्हणाला. "दवाखान्यात काय ते तुमीच सांगा. आनि ताई, नोकरी गेली ना तुमची? आमच्या जागेवरच्या गोडाऊनात मानसं पायजेत. दिवसभर उभ्यानं काम हाय, पन डोकं लागत न्हाय. तुमाला जमंल!"