दाबून भरलेला ग्लास

आक्कांनी ठरवलं की ठरवलं! महिनाभरात पाच किलो उतरवायचे, त्यात काय मोठं? चाळीस वर्षं गाद्या-उशांचा कारखाना चालवलेली बाई ती. पाच किलो म्हणजे चार उशांचा कापूस!

निकडही तशीच होती. आक्कांचे गुडघे गेले होते. कारखाना वरच्या मजल्यावर, जिना एकवीस पायऱ्यांचा, आणि वर खिडकीशी आक्कांची खुर्ची. गेले तीन महिने त्या खुर्चीवर सून बसत होती! आक्का खालून ओरडून कारभार चालवत होत्या. उंटावरून शेळ्या हाकतात ना, तसं. फरक एवढाच, की इथं उंट खाली आणि शेळ्या वर!

डॉक्टरांनी बजावलं होतं, "वजन पंच्याऐंशीवर आणा, तीस तारखेला गुडघा बदलून देतो. नाहीतर तारीख दुसऱ्या कुणाला जाईल." आक्का नव्वद भरत होत्या.

आहार ठरवून देणारी मुलगी घरी आली. वय जेमतेम पंचवीस, काखेत वही.

"आजी, उपाशी राहायचं नाही. फक्त मापात खायचं. दुपारी छोटं ताट, रात्री सूप. सकाळी नाश्त्याऐवजी स्मूदी. फळं, दही, थोडे ओट्स. पण एकच ग्लास हं!"

"आजी कुणाला म्हणतेस गं? आणि मापाचं मला शिकवू नकोस. तुझा जन्म व्हायच्या आधीपासून मी मापात भरतेय!"

दुसऱ्या दिवशी सुनेनं स्मूदी केली. अर्धं केळं, पपईच्या चार फोडी, दही, पाणी. आक्कांनी ग्लास उजेडाकडे धरला, हलवला, कानाशी नेला.

"खळखळतंय की गं हे!"

"आई, ती अशीच असते."

"तुझ्या माहेरी असेल. पोकळ माल माझ्या घरातून बाहेर जात नाही, मग पोटात बरा जाईल!"

झालं! मिक्सर आक्कांनी ताब्यात घेतला. पाणी बंद, ते उगाच जागा खातं! दही फडक्यात टांगून निथळून घेतलं. तीन केळी, बारा खजूर, मूठभर बदाम, वाटीभर शेंगदाणे. सफरचंद फुगीर दिसलं म्हणून शिजवून आटवलं. सगळं वाटून ग्लासात ओतलं, ग्लास ओट्यावर तीनदा आपटला. माल खाली बसला, वर बोटभर जागा झाली. त्या जागेत मध! चमचा मधोमध असा उभा राहिला, की दारावरचा पहारेकरी लाजावा.

"बघ! एकच ग्लास. मापात!"

आठवड्यानं आक्का काट्यावर चढल्या. एक्क्याण्णव!

"काटा बिघडलाय!" आक्कांनी फर्मान सोडलं. दोन कारागीर वरून कापसाचं पन्नास किलोचं गाठोडं घेऊन आले. काट्यावर ठेवलं. काटा बरोब्बर पन्नासावर थांबला. गाठोड्याकडे बघून आक्कांनी दात-ओठ खाल्ले.

काटा खरा, ग्लास खरा, मग पाणी मुरतंय कुठं? आक्कांच्या डोक्यात लख्ख उजेड पडला. सूप! सूप सून करते. सूनच त्यात लोणी सोडत असणार! सासू खाली, सून खुर्चीवर, कायमची!

"आजपासून तुझ्या हातचं काही नको," आक्कांनी जाहीर केलं. "ताट नको, सूप नको. तिन्ही वेळा माझा ग्लास!"

"आई, अहो, सूप भोपळ्याचं असतं..."

"चोराच्या उलट्या बोंबा!"

पुढच्या आठवड्यात ब्याण्णव. त्याच्या पुढच्या आठवड्यात त्र्याण्णव! तीस तारीख पाच दिवसांवर आली, तेव्हा आक्कांनी त्या वहीवाल्या मुलीला बोलावलं आणि सुनेला समोर उभं केलं.

"विचार हिला! काय खायला घालते मला?"

मुलीनं शांतपणे वही मिटली. "तुमची स्मूदी करून दाखवा. पण वाटायच्या आधी सगळं ताटात मांडा."

आक्कांनी दिमाखात मांडायला घेतलं. छोटं ताट भरलं. मोठं ताट भरलं. शेवटी सुनेनं न बोलता परात पुढे सरकवली.

आक्का परातीकडे बघतच राहिल्या. "अगं बाई! एवढं कोण खाणार? बैलसुद्धा दोनदा विचार करेल!"

"रोज तीनदा तुम्हीच खाता, आजी."

या वेळी 'आजी' आक्कांना ऐकूच आलं नाही. "पण ग्लास तर एकच होता ना?"

मग सून हळूच म्हणाली, "आई, कापूस दाबला म्हणून वजनात कमी भरतो का?"

चाळीस वर्षं आक्का हेच नव्या कारागिरांना दरडावून सांगत आल्या होत्या. त्या नुसत्या खाली बसल्या. परातीतला एक खजूर उचलून त्यांनी तळहातावर तोलला!

पाच दिवस सुनेनं मोजून दिलं, तेवढंच आक्कांनी मुकाट्यानं खाल्लं-प्यायलं. पण पाच दिवसांत काय होणार? तीस तारखेला काटा ब्याण्णववर थांबला. तारीख दुसऱ्या बाईला गेली. आता दोन महिन्यांनी या, असं डॉक्टर म्हणाले.

घरी आल्यावर आक्का रिक्षातून उतरतात न उतरतात तोच कारागीर जिन्यात गोळा झाले.

"आक्का, काय म्हणाले डॉक्टर?"

आक्कांनी पदर सावरला. "डॉक्टर कसले! मी गेले तर त्यांचीच तयारी नाही. म्हटलं, घ्या दोन महिने, शिका नीट! माझा गुडघा काय कच्च्या हातात द्यायचा?"

सगळ्यांच्या नजरा सुनेकडे वळल्या.

"हो ना," सून म्हणाली. "मी तिथंच होते. फार घाबरले होते बिचारे."

कारागीर माना डोलवत वर गेले. सूनही त्यांच्या मागे निघाली. चौथ्या पायरीवर असताना खालून हाक आली.

"ए! दोन महिने बस माझ्या खुर्चीवर." आक्कांनी बोट उगारलं. "पण पाठ टेकायची नाही!"