मफिनमधला दात

गाडी शिकवणाऱ्या मास्तरांनी काळी पडलेली केळी कुस्करायला घेतली, तेव्हा त्यांची बायको आंघोळीला गेली होती. एरवी तिने त्यांना ओव्हनच्या आसपासही फिरकू दिलं नसतं. लेकीने पसंत केलेल्या मुलाचे आईवडील आज पहिल्यांदाच चहाला यायचे होते, आणि बायकोने सकाळीच बजावलं होतं, "ती केळी टाकून द्या. पाहुण्यांपुढे हसतमुखाने बसा. बाकी मी बघते."

पण इतकी गोड केळी टाकायला मास्तरांचा हात धजेना. त्यांनी केळ्यांत साखर, अंडी, मैदा घातला. मिश्रण चाखलं, एक अक्रोड चावला, पुन्हा मिश्रण चाखलं आणि साचे भरून ओव्हनमध्ये ढकलले.

बायको आंघोळ करून, साडी नेसून बाहेर आली तेव्हा घरभर वास सुटला होता. मफिन असे टम्म फुगले होते, की रागवायचं कशावरून हेच तिला सुचेना. मास्तर मनापासून हसले.

"अहो," ती म्हणाली, "समोरचा दात कुठंय?"

मास्तरांनी जीभ फिरवली. महिनाभर हलणारा खोटा दात जागेवर नव्हता. दोघांनी ओटा पाहिला, मोरी पाहिली, केळ्यांच्या साली उपसल्या. मग दोघांचीही नजर हळूहळू मफिनांकडे वळली.

"फेका सगळे," बायको म्हणाली.

"अगं, पण किती छान फुगलेत."

तेवढ्यात बेल वाजली. लेकीने दार उघडलं. मुलाची आई आत पाऊल टाकतानाच म्हणाली, "जिन्यातच वास आला बाई. केळ्याचे मफिन ना? घरी केलेत?"

"बाबांनी केलेत," लेक कौतुकाने म्हणाली. आता ते लपवायची सोय उरली नाही.

मास्तर बशी घेऊन बसले आणि एकेक मफिन बोटांनी मोडून, आत चाचपून पाहुण्यांना वाढू लागले. फट दिसू नये म्हणून ओठ घट्ट मिटलेले. मुलाचे वडील बोलघेवडे होते. त्यांनी आपली नोकरी, आपली बदली, आपलं पित्त असं सगळं सविस्तर सांगितलं. मास्तर प्रत्येक वाक्याला "हं" म्हणाले.

"असं शांतपणे ऐकून घेणारा माणूस मिळत नाही हो हल्ली," वडील भारावून म्हणाले. "आणि वाढतातही कसे, अगदी घास मोडून."

मास्तरांना जरा धीर आला. तेवढ्यात मुलाच्या आईने हात लांब करून बशीतला एक अख्खा मफिन उचलला. मास्तरांचा उजवा पाय टेबलाखाली आपोआप जमिनीवर दाबला गेला. शिकाऊ माणूस खांबावर जाऊ लागला की तो असाच दाबला जायचा, फक्त तिथे ब्रेक असायचा.

बाई चावता चावता थांबल्या. रुमाल तोंडाला लावला. मग पुन्हा खाऊ लागल्या. "मऊ झालेत," एवढंच म्हणाल्या आणि हात धुवायला गेल्या.

मास्तरांनी बाकीचे मफिन कुस्करून पाहिले. एकातही काही नव्हतं. म्हणजे बाईंनी गिळला, किंवा लग्न मोडलं, किंवा दोन्ही. बायको त्यांच्याकडे पाहतच नव्हती.

निघताना मुलाचे वडील लेकीशी बोलत जिना उतरू लागले. बाई दारात मागे रेंगाळल्या आणि मास्तरांच्या हातात त्यांनी रुमालाची बारीक पुरचुंडी ठेवली.

"तुमचाच असणार. धुतलाय मी," त्या हळूच म्हणाल्या. "लग्नाच्या आधी बसवून घ्या म्हणजे झालं. फोटोत दिसतं."

मास्तर आ वासून बघत राहिले आणि मग फटीसकट हसले. पाठीमागे बायकोही हसू लागली.

बाईंनी खाली, जिन्याकडे, एकदा डोकावून पाहिलं. "आणि तो कुस्करलेला चुरा टाकू नका हं," त्या म्हणाल्या. "द्या बांधून. ह्यांना सांगू नका, वाटेत मीच खाईन."