तपासनीसबाबांनी संत्र्याचे रोल सर केले, त्याची हकीकत

लढायांच्या हकीकती लिहिणारे बहुत जाहले. किल्ले घेतले, मुलूख मारिला, अमक्याने तमक्यास पाणी पाजिले, हे सारे कागदावर आले. परंतु तिसऱ्या मजल्यावरील एका घरी, एका रविवारी, सकाळच्या सातांपासोन संध्याकाळच्या सातांपर्यंत जे रण माजले त्याची दखल कोणी घेतली नाही, हे बरे नव्हे. म्हणोन जैसे घडले तैसे, पदरचे तिखटमीठ न लाविता, येथे लिहिले आहे. वाचणाराने हसू आल्यास खुशाल हसावे, मात्र शेवटास पोहोचल्याविना उठो नये.

तर तपासनीसबाबा म्हणजे वजनमापे खात्याचे तेहतीस वर्षांचे मातबर अंमलदार. काट्याखाली चिकटविलेले लोहचुंबक त्यांनी लांबूनच ओळखावे, आणि दुकानदारास सावध होऊ न देता भलत्याच वेळी जाऊन उभे राहावे, आणि या अकस्मात छाप्यांचा दरारा ऐसा की बाजारपेठेच्या तोंडाशी त्यांची टोपी दिसली तरी गिऱ्हाइकांस चार दाणे जास्त पडत. मग नोकरी संपली आणि बाबा घरी बसले, परंतु सवय काही घरी बसेना. प्रथम दुधाची पिशवी तोलिली, मग साबणाची वडी तोलिली, मग आईसाहेबांच्या चहाच्या साखरेस हात घालो गेले तों आईसाहेबांनी त्यांजकडे ऐसे काही पाहिले की तो मोर्चा तेथेच उठला, आणि साऱ्या तपासणीचा रोख कन्येकडे वळला.

कन्या म्हणजे बबडी, वय वर्षे सत्तावीस, घरांचे नकाशे काढणाऱ्या कचेरीत नोकरीस. कोठे निघालीस, कोणासवे, जेवलीस काय, उशीर का, फोन का उचलिला नाहीस, ऐसा प्रश्नांचा मारा नित्य चाले. एके दिवशी तिला परतण्यास अर्धा तास उशीर जाहला, आणि बाबा जातीनिशी कचेरीत दाखल जाहले, आणि तिच्या साहेबासमोर उभे राहोन, आमची मुलगी अद्याप खुर्चीवर का, ऐसा जाब पुसते जाहले. कन्या घरी येऊन एवढेच बोलली: "बाबा, मी काय तराजू आहे का, रोज तपासायला?" आणि आठवड्याच्या आत दोन रस्ते पलीकडे भाड्याची खोली घेऊन राहिली. त्यास तीन महिने जाहले. तीन महिन्यांत तिने उंबरठा ओलांडिला नाही. बाबांस घर खावयास उठे, परंतु बोलोन दाखवितील ते बाबा कसले.

मग शुक्रवारी कन्येचा फोन आईसाहेबांच्या नावे आला. मजकूर ऐसा: "आई, रविवारी चारला येते. पण बाबांनी एक जरी प्रश्न विचारला ना, तर तशीच चपला घालीन आणि निघेन. सांगून ठेव त्यांना." आईसाहेबांनी सांगोन ठेविले. बाबा म्हणाले, हात्तिच्या, त्यात काय कठीण, आणि लगेच पुसिले, ती एकटीच येणार की कोणासवे, रिक्षाने की चालत, आणि जेवोन येणार की कसे. आईसाहेबांनी कपाळास हात लाविला आणि मनी खूणगाठ बांधिली की या माणसाचे तोंड बंद राखणे असेल तर हात गुंतविले पाहिजेत, आणि तेही ऐशा कामी की ज्यात दिवस मोडेल. कन्येस संत्र्याचे गोड रोल प्राणाहून प्रिय, हे त्या जाणोन होत्या. म्हणोन हुकूम जाहला की रोल बाबांनी स्वहस्ते करावे, खमीर घालोन, पीठ फुगवोन, विकतचे आणल्यास घरात ठाव मिळणार नाही.

रविवारी सकाळी सातांस मुदपाकखान्यात स्वारी दाखल जाहली. बाबांनी काटा मांडिला, शून्यावर आणिला, पुन्हा शून्यावर आणिला, आणि मैदा पाचशे ग्रॅम, दूध दोनशे ऐंशी, लोणी सत्तर, साखर सत्तर, मीठ पाच आणि सुके यीस्ट सात, ऐसे अवघे सैन्य तोलोन उभे केले. कृतीच्या कागदावर लिहिले होते की यीस्ट कोमट दुधात सोडावे. आता कोमट म्हणजे किती, याचा आकडा कागदावर नव्हता, आणि ज्यास आकडा नाही त्याचा बाबांस भरवसा नव्हता, म्हणोन दूध चांगले उकळोन घेतले, की कमी पडावयास नको, आणि त्या उकळत्या दुधात यीस्ट सोडिले. क्षणात अवघी फौज गारद जाहली. फेस नाही, बुडबुडा नाही, पाणी मागण्यासही कोणी उरले नाही. आईसाहेब दारातून म्हणाल्या, "जिवंत असतं हो ते! उकळलंत काय?" बाबांनी पातेले मोरीत उपडे केले. ती पहिली हार.

दुधाने तोंड पोळले की माणूस ताकही फुंकोन पितो, तैसे दुसरे खेपेस बाबांनी दुधात करंगळी बुडवोन, काढोन, पुन्हा बुडवोन, पुरती खात्री केली आणि मगच यीस्ट सोडिले. या वेळी फेस आला. बाबा हर्षभरित होऊन पीठ मळिते जाहले, आणि पीठ बोटांस चिकटले, मनगटास चिकटले, चष्म्याच्या काडीसही चिकटले, परंतु हटले नाहीत, आणि पाव घटका मळोन मऊसूत गोळा केला, आणि पातेल्यात घालोन, वर झाकण ठेवोन, खिडकीशी उन्हात ठेविला. कागदावर लिहिले होते की पीठ फुगोन दुप्पट होऊ द्यावे. येथे बाबांचा घात जाहला.

दुप्पट जाहले हे ठरवावे कैसे? बाबांस एकच रीत ठाऊक. दहा मिनिटे जाहली आणि बाबांनी अकस्मात छापा घातिला, पीठ पातेल्यातून उचलोन काट्यावर ठेविले, तों भरले नऊशे बत्तीस ग्रॅम. पुन्हा पातेल्यात घातले. मग सात मिनिटांनी छापा घातिला, की पिठास अंदाज लागो नये. नऊशे बत्तीस. मग चौदा मिनिटांनी, पावले न वाजविता. नऊशे तीस. बाबांच्या भुवया चढल्या. दोन ग्रॅमची घट! आईसाहेबांस जाब पुसिला, त्यांनी बाबांच्या बोटांकडे बोट दाखविले, तेथे दोन ग्रॅम चिकटले होते. ऐसे दोन तास चालिले. बिचारे पीठ अंगात चार श्वास भरोन उठावे, तों यांनी उचलोन काट्यावर आपटावे आणि त्याचा दम काढावा. दहा वेळा तोलिले, दहाही वेळा वाढ शून्य. साडेदहा वाजले. घरातील मैदा सरला होता. बाबा पुरते हवालदिल जाहले, आणि हवालदिल माणूस करितो तेच केले, म्हणजे दोष दुसऱ्यावर घातिला. यीस्टची रिकामी पुडी मुठीत घेऊन ते नाक्यावरील बेकरीवर चालोन गेले.

बेकरीवाला म्हणजे गोल पोटाचा, मैद्याने सदा पांढऱ्या भुवयांचा माणूस. आठ वर्षांमागे बाबांनी त्याच्या काट्यावर छापा घातिला होता, तेव्हापासोन बाबा दिसले की तो उगाच काटा पुसावयास लागे. आताही पुसो लागला. बाबांनी पुडी पुढे टाकिली आणि फर्माविले की माल खोटा आहे, पीठ तिळभर वाढले नाही.

"नाही वाढलं? कशावरून साहेब?"

"दहा वेळा वजन केलं. एक ग्रॅम वाढलं नाही."

बेकरीवाला प्रथम बाबांकडे पाहात राहिला. मग त्याच्या ओठांचे कोपरे हालिले, मग पोट हालिले, मग तो मैद्याच्या पोत्यावर बसला आणि डोळ्यांतून पाणी येईतों हसला. आठ वर्षांचे भय त्या हसण्यात वाहोन गेले. "अहो साहेब, ते हवेनं फुगतं! हवेचं कसलं वजन? आणि दर वेळी बाहेर काढून तुम्हीच तर त्याची हवा घालवलीत. पीठ आहे ते, आरोपी नाही. मेलं नाहीये अजून. झाकून ठेवा आणि दोन तास त्याच्याकडे ढुंकून बघू नका."

"दोन तास? आणि तेवढ्यात काही झालं तर?"

"होतं ना. फुगतं!"

 तेहतीस वर्षांच्या नोकरीत बाबांनी न पाहता काही चांगले होते ऐसे एकदाही पाहिले नव्हते. त्यांनी घरी फोन लाविला, पीठ झाकोन ठेवावयास सांगितले आणि कबूल केले की घरी आलो तर हात स्वस्थ राहणार नाहीत. आईसाहेबांनी तात्काळ आज्ञा केली की बेकरीच्या बाकावरच बसोन राहावे, साडेबारापर्यंत पाय हलवो नये. बेकरीवाल्यास बाबांची कीव आली, त्याने चहा दिला आणि आपला काटाही समोर ठेविला, की तपासावयाचा तर तपासा, तेवढाच विरंगुळा. बाबांनी तो तपासिला. अचूक होता.

आणि मग बाकावर बसले असता बाबांस कळो आले की आपणास जे भय आहे ते पिठाचे नव्हे. बबडी चार वाजता येईल, आणि आपल्या तोंडून काहीतरी निसटेल, आणि ती चपला घालील, ते भय. प्रश्न पुसतो तो काही संशयाने नव्हे. ती दिसेनाशी जाहली की जीव कासावीस होतो, आणि ते सांगावयास शब्द येत नाहीत, म्हणोन कोठे होतीस ऐसे तोंडून निघते. परंतु तिच्या कानी ते छाप्यासारखे पडत असेल, हे त्यांच्या ध्यानी त्या दिवशी, त्या बाकावर, प्रथमच आले. बाबांस फार वाईट वाटले.

साडेबारांस घरी आले तों पातेल्यावरील झाकण तिरके जाहले होते. पीठ फुगोन त्याने झाकण उचलिले होते. "अगं, हे बघ, हे बघ!" ऐसे ओरडत बाबा मुदपाकखान्यात दोन वेळा स्वतःभोवती फिरले. आईसाहेबांनी काटा आधीच कपाटात बंद करोन किल्ली कमरेस लाविली होती, परंतु खरे सांगणे तर बाबांनी तो मागितलाही नाही.

मग काम झपाट्याने चालिले. संत्र्यांच्या साली किसणीवर किसल्या, पांढरा कडू भाग लागो दिला नाही, आणि तो कीस साखरेत चोळिला तों साऱ्या घरास सुवास सुटला. पीठ लाटिले, वर लोणी फासिले, साखर पसरिली, गुंडाळी केली आणि दोऱ्याने बारा तुकडे कापिले, की सुरीने चेपतात. ते ताटात मांडोन पुन्हा पाऊण तास झाकोन ठेविले. तो पाऊण तास बाबा गॅलरीत पाठमोरे उभे राहिले. अडीच वाजता ताट घरच्या विजेच्या भट्टीत गेले. भट्टी जुनी, मागील अंगास तापट, तिने दोघांस करपविले, बाकी दहा सोन्यासारखे निघाले. वर संत्र्याच्या रसात कालविलेली पिठीसाखर ओतिली. आईसाहेबांनी एक कोपरा तोडोन खाल्ला आणि म्हणाल्या, "जमलं हो!" ही पदवी या घरात सहसा कोणास मिळत नाही.

चार वाजले. कन्या आली नाही. सव्वाचार जाहले. बाबांचा हात फोनकडे गेला, तो त्यांनी दुसऱ्या हाताने धरोन आणिला. चार वीस जाहले आणि घंटी वाजली.

कन्या आत आली. वाळली होती. उजव्या अंगठ्यास पट्टी होती. बाबांच्या घशात अंगठ्याचा प्रश्न ऐसा उसळोन आला की तोंडापर्यंत पोहोचलाच, तों बाबांनी करपलेला एक रोल उचलोन अवघा तोंडात कोंबिला. कन्येने एक रोल खाल्ला. डोळे मिटले. दुसरा घेतला. मग बापाकडे पाहिले. बाबांच्या घशात दुसरा प्रश्न आला की नीट जेवतेस की नाही. त्यांनी करपलेला दुसराही कोंबिला.

"हे बाबांनी केलेत?" कन्येने आईस पुसिले.

"एकट्यानं. सकाळी सातपासून."

 कन्या वाट पाहात होती, आज कोठला प्रश्न येतो म्हणोन, आणि चपला तिने दाराच्या अगदी तोंडाशी काढिल्या होत्या. प्रश्न आला नाही.  बाबा भरल्या गालांनी चावीत राहिले आणि त्यांचे डोळे मात्र पाण्याने भरले. त्यांनी ते करपलेल्या रोलाच्या माथी मारिले.

मग कन्या आपण होऊन म्हणाली, "पडदा लावताना कापला अंगठा. फार नाही." बाबांनी मान हालविली. मग ती म्हणाली की नळ गळतो, आणि घरमालकीण चांगली आहे पण कुत्रा भुंकतो, आणि मग म्हणाली की कचेरीत एका शाळेचा नकाशा प्रथमच तिच्या एकटीच्या हाती दिला आहे, आणि भीती वाटते, आणि घरी सांगावेसे फार वाटत होते. आणि मग बांध फुटला. साडेचारापासोन पावणेसातापर्यंत कन्या बोलत होती. तिसरा रोल केव्हा संपला तिलाही कळले नाही. तीन महिन्यांत हजार प्रश्नांनी जे हाती लागले नसते, ते सारे एका बैठकीत ताटात येऊन पडले.

निघताना तिने चपला घातल्या, दाराशी थांबली, आणि जमिनीकडे पाहात म्हणाली, "बाबा, तो पडदा ना, तिरकाच लागलाय. पुढच्या रविवारी येऊन बघाल का?"

बाबांच्या तोंडात आता काहीच नव्हते. "किती वाजता येऊ?" त्यांच्या तोंडून निघोन गेले.

 आईसाहेबांनी जीभ चाविली. बाबांनी तोंडावर हात ठेविला. कन्या बापाकडे पाहात राहिली, आणि मग ऐसे हसली की जिन्यात घुमले.

"अकराला या, बाबा. जेवायलाच या."

येणेप्रमाणे मोहीम फत्ते जाहली, त्याची नोंद ऐसी. रोल बारा. पैकी कन्येने खाल्ले तीन, आईसाहेबांनी दोन, बेकरीवाल्याकडे कृतज्ञतेने पाठविला एक, बाबांनी प्रश्नांवर खर्ची घातिले करपलेले दोन, आणि डब्यात बांधोन कन्येसवे रवाना जाहले चार. खमिराची एक फौज कामी आली, ती दूध तापविणाराच्या चुकीने. अवघ्या दिवसात बाबांनी कन्येस प्रश्न एकच केला, आणि तीन महिन्यांत प्रथमच त्यांस उत्तर मिळाले.